कडेपर्यंत भात

खोटं बोलायचं असं काही खारूताईने ठरवलं नव्हतं. तिने फक्त एक पान चावलं, आणि पुढचं सगळं त्या पानामुळे झालं.

खारूताई हे अर्थातच तिचं शाळेतलं नाव नव्हे. समोरचे दोन दात जरा पुढे आणि तोंड सदा काहीतरी कुरतडण्यात गुंतलेलं, म्हणून आत्याने ते ठेवलं होतं. यंदा ती नव्या शाळेत आली. नव्या शाळेत सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या असतात आणि आपण उरलेल्या मोज्यासारखे एकटे असतो, हे ज्याने शाळा बदलली आहे त्याला वेगळं सांगायला नको. सुरुवातीला खारूताई भिंतीकडे तोंड करून डबा खायची. मग एक दिवस एक मुलगी दप्तर उचलून तिच्या बाकावर आली आणि म्हणाली, "मी इथे बसणार आहे. माझी आधीची शेजारीण म्हणाली, तिच्याकडे घोडा आहे. मी बघायला गेले. घोडा नव्हता."

"मग?"

"मग काय, जागा बदलली."

ही त्या मुलीची रीतच होती. बाईंचा केस पिकला तर ती "बाई, तुमचा एक केस पांढरा झाला" असं सांगायची आणि वर "उजवीकडे" असंही सांगायची. तिला खोटं बोलता येत नसे, दुसऱ्याचं खपवून घेता येत नसे. पण ती खारूताईची मैत्रीण झाली होती आणि खारूताईला दुसरी मैत्रीण नव्हती. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे तिची भूक का उडाली ते कळेल.

मैत्रिणीच्या आईने एका संध्याकाळी दोघींना सुशी खायला नेलं. खारूताईने सुशी पाहिली नव्हती. नुसतं ऐकलं होतं, की मोठी माणसं ती काड्यांनी खातात. दुकानात एक लांबलचक पट्टा टेबलांच्या कडेकडेने फिरत होता, विमानतळावर बॅगा फिरतात तसा, आणि त्यावर छोट्या छोट्या बशा संथपणे चालल्या होत्या. एकीत भाताच्या लांबट गोळ्यावर नारिंगी माशाची चकती, दुसरीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या भाताच्या वड्या, मधोमध काकडीचा हिरवा ठिपका. आपल्याला हवी ती बशी पुढ्यात आली की पटकन उचलायची. खारूताईला हे फार आवडलं. जेवण आपल्याकडे चालत येतं, यापेक्षा चांगलं काय असतं?

पण काड्या काही केल्या जमेनात. एक वडी पाण्याच्या पेल्यात पडली, दुसरी मैत्रिणीच्या आईच्या पर्सवर. मैत्रीण मात्र सराईतपणे खात होती. शेवटी खारूताईने काड्यांत येईल असं काहीतरी शोधलं. बशीच्या कडेला एक हिरवं, कातरलेल्या कडांचं पान उभं होतं. ते लगेच पकडता आलं. तिने ते ऐटीत तोंडात घातलं आणि चावायला लागली.

पान चावलं जाईना. ते कुरकुर वाजे, वाकडं होई आणि पुन्हा सरळ होई.

"ते प्लास्टिकचं आहे," मैत्रीण म्हणाली. "शोभेचं असतं. तू ते का खातेस?"

आता इथे "मला माहीत नव्हतं" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले, खारूताईचे कान तापले, आणि तिच्या तोंडून पान आणि वाक्य एकदमच बाहेर पडलं. "आमच्या घरी खरं पान असतं. म्हणून सवयीने खाल्लं."

"तुमच्या घरी सुशी करतात?"

"हो. दर रविवारी. माझे बाबा करतात."

खोट्याचा स्वभाव असा, की ते एकटं कधी येत नाही. भावंडांना घेऊनच येतं.

मैत्रिणीने काड्या खाली ठेवल्या. "मग मी येत्या रविवारी येते," ती म्हणाली. तिच्या आवाजात संशय नव्हता, आनंद होता. खारूताईला तेच जास्त लागलं.

खारूताईच्या घरी खाली पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि वर राहती जागा. बाबा आणि आत्या, दोघं भावंडं, पुस्तकं बांधत. आत्या मोठी. ती छापलेल्या पानांचे सुटे फर्मे एकावर एक ठेवून जाड सुईने शिवायची, आणि शिवता शिवता बोलायची. बाबा पुठ्ठा कापायचे, कागदाला खळ लावायचे, आणि शक्यतो बोलायचे नाहीत. बोलले तर कामाचंच. "खळ कडेपर्यंत गेली पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. कड कोरडी राहिली की कागद उचलतो, कागद उचलला की पुठ्ठा वाकतो, आणि पुठ्ठा वाकला की लोक म्हणतात, बांधणारा कोण होता? म्हणून कड सोडायची नाही. खारूताईची आधीची शाळा सुटली, पण तिथल्या वह्यांचे पुठ्ठे अजून टिकून होते.

"बाबा," तिने दारातूनच विचारलं, "तुला सुशी करता येते?"

"नाही."

"रविवारपर्यंत येईल?"

बाबांनी ब्रश थांबवला. आत्याची सुई थांबली नाही, पण तिचे कान टवकारले.

मग सगळं बाहेर आलं. पान, सवय, खरं पान, दर रविवार. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

"म्हणजे बोलाचा भात शिजवून ठेवलाच आहेस," ती म्हणाली. "आता तांदूळ तेवढे आणायचे राहिले."

"आत्या, हसू नकोस ना!"

"मी कुठे हसतेय? मी त्या घोडेवालीचा विचार करतेय. घोडा असता तर भाड्याने तरी आणता आला असता. सुशी करणारा बाप कुठून आणायचा?"

आई दवाखान्यात परिचारिका होती. ती कामावरून आल्यावर तिलाही सांगावं लागलं. तिने बूट काढता काढता ऐकलं. "तिला उद्याच खरं सांगून टाक."

"मग ती जागा बदलेल."

"बदलेलही," आई म्हणाली. ती उगीच धीर देणाऱ्यातली नव्हती.

खारूताई रडली नाही, पण तिने काही खाल्लंही नाही, आणि त्या घरात ही जास्त गंभीर बाब होती. बाबा तिच्या भरल्या ताटाजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "वस्तू कागदात गुंडाळायचीच आहे ना? मग ते आपलंच काम झालं."

आत्याने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तिघं त्या फिरत्या पट्ट्यासमोर जाऊन बसली. बाबांनी पहिली काळी गुंडाळी उचलली, पण तोंडात घातली नाही. त्यांनी ती बशीत आडवी केली, उभी केली, खिशातून चष्मा काढला आणि काडीच्या टोकाने काळा कागद सोडवायला सुरुवात केली. आतला भात मोकळा झाला. काकडीची पट्टी बाजूला ठेवली. कागद त्यांनी दिव्यासमोर धरला.

"समुद्रातल्या शेवाळाचा आहे," ते म्हणाले. "एका बाजूने गुळगुळीत, एका बाजूने खरखरीत. रेषा लांबीच्या दिशेने. चांगला कागद आहे."

"तो खातात," आत्या म्हणाली. तिची तिसरी बशी चालू होती. नारिंगी मासा तिने पहिल्या घासाला डोळे मिटून खाल्ला होता, दुसऱ्या घासाला उघडे ठेवून, आणि आता पट्ट्यावर पुढची बशी कुठवर आली यावर तिची ससाण्यासारखी नजर होती. "अरे, थंड भात असून काय लागतो! किंचित आंबट, किंचित गोड. आणि मासा तर नुसता विरघळतो. तू खा ना, का पंचनामाच करणार आहेस?"

काउंटरमागे आचारी उभा होता. त्याचा चेहरा आणि खांदे दिसत, हात मात्र उंच लाकडी फळीआड चालत. बाबांच्या बशीत उघडून ठेवलेल्या तीन गुंडाळ्या पाहून त्याला राहवलं नाही. "काही चुकलंय का, साहेब?"

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "बांधणी बघतोय."

"बाबा, त्यांनाच विचारूया ना, कसं करतात," खारूताई कुजबुजली.

"विचारायचं काय त्यात? समोर दिसतंय की."

समोर दिसत होती ती पुरी झालेली गुंडाळी. बांधलेल्या पुस्तकाकडे बघून कुणी म्हणावं, बघितलं, आता मला बांधता येतं, तसलाच हा प्रकार. एखाद्या गिऱ्हाइकाने असं म्हटलं असतं तर बाबांनीच त्याला दारापर्यंत पोचवलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत माणसाला हे दिसत नाही, त्यासाठी बहीण लागते.

"उंटावर बसलाच आहेस," आत्या म्हणाली, "तर शेळ्याही हाकून घे."

बाबांनी उघडलेला कागद पुन्हा भातावर बसवला आणि ते सगळं एकदम तोंडात घातलं. चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग शंका, मग पुन्हा नवल. त्यांनी पट्ट्यावरून आणखी एक बशी उचलली, आणि ती मात्र न उघडता खाल्ली. बशीतला हिरवा तिखट गोळा आत्याने त्यांना कळू न देता थोडा जास्तच लावला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी "चांगली आहे" एवढंच म्हटलं आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

घरी मग प्रयोग सुरू झाले. कच्चा मासा घरी करायचा नाही, एवढं आईने बजावलं होतं. काकडी, गाजर आणि अंड्याच्या जाड पोळीच्या पट्ट्या, यावर भागवायचं. पहिल्या दिवशी भात इतका मोकळा झाला, की दाणे एकमेकांना ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी इतका मऊ, की आत्या म्हणाली, "दुकानातली खळ संपली तर हा वापर." मग आईने किराणा दुकानातून बुटक्या दाण्याचा चिकट तांदूळ आणला, आणि भात जमला. त्यात सिरका, साखर आणि मीठ विरघळवून घालायचं आणि हलक्या हाताने मिसळत वारा घालायचा. वारा आत्याने घातला, एका शब्दकोशाच्या उरलेल्या पुठ्ठ्याने. भात चमकायला लागला. खारूताईने चिमूटभर खाल्ला, मग मूठभर.

"खार आली बघ धान्यावर," आत्या म्हणाली. पण मूठभर खाल्ला हे पाहून तिला बरं वाटलं.

आता गुंडाळायचं. बाबांनी बांबूची छोटी चटई पसरली, तिच्यावर काळा कागद ठेवला, बोटं ओली केली आणि भात पसरायला घेतला. ते पाहण्यासारखं होतं, यात शंका नाही. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. चारही कोपरे भरलेले, चारही कडा सफाईने दाबलेल्या. काळ्या कागदाचा ठिपकाही दिसत नव्हता. मधे काकडीची पट्टी ठेवून त्यांनी चटई गुंडाळली, दाबली, सोडली.

गुंडाळी क्षणभर राहिली. मग तिने हळूच तोंड उघडलं आणि ती पालथी झाली. भात दोन्हीकडून बाहेर आला आणि काकडी निसटून टेबलाखाली गेली.

"कड नीट बसली नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या खेपेला भात कडेपर्यंत आणखी चोख नेला.

ती गुंडाळी आणखी लवकर उघडली.

बाबांनी हार मानली नाही. एका गुंडाळीला त्यांनी कडेला पाणी लावलं. एकीला दोन फळ्यांमधे ठेवून खाली नेलं आणि नव्या पुस्तकांना दाब देतात त्या लोखंडी शिकंज्यात आवळलं. ती वर आली तेव्हा इतकी कडक झाली होती, की तिच्यापुढे विटीदांडूतली विटीही मऊ म्हणावी. आत्याने ती हातात घेऊन उलटसुलट केली.

"छान झालंय," ती म्हणाली. "आता पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव घाल."

"तुला एवढं हसू येतंय तर तू कर."

"मी करेन की. पण मी कुठे म्हटलं होतं, हे आपलंच काम आहे?"

खारूताई हसायची आणि मधेच गप्प व्हायची. शाळेत मैत्रीण रोज विचारायची, "काकडीची असते का? अंड्याची पण असते? मला तुमच्या घरची बघायचीच आहे." आणि ती स्वतःच्या डब्यातला अर्धा खाऊ तिच्यापुढे सरकवायची. खारूताई तो तसाच परत सरकवायची.

रविवार आला. आईची दवाखान्यात पाळी होती, जाता जाता ती एवढंच म्हणाली, "जमलं नाही तर हसून सांगा." बाबांनी सकाळपासून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. दुपारी ते थाळी घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं केल्याचं समाधान होतं. थाळीत गुंडाळ्या ओळीने मांडल्या होत्या आणि एकही उघडली नव्हती.

आत्या जवळ गेली. वाकली. मग तिने भावाकडे पाहिलं.

"शिवलीस?"

"धुतलेला दोरा आहे. रंग नाही, मेण नाही," बाबा म्हणाले. "साधा टाका घातलाय."

खरंच, प्रत्येक गुंडाळीच्या पोटावरून पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, एकसारखे टाके गेले होते. शेवटची गाठ आत दडवलेली.

तेवढ्यात खाली घंटा वाजली.

मैत्रीण आली ती नवा फ्रॉक घालून, आणि तिच्या हातात खऱ्या पानांची जुडी होती. "तुम्हाला लागतात ना," ती म्हणाली. "आमच्या कुंडीतली आहेत. धुतलीयेत." तिच्या आईने दारातूनच नमस्कार केला. थोडी खरेदी करून घ्यायला येते म्हणाली आणि गेली.

सगळी टेबलाशी बसली. मैत्रिणीने काड्या उचलल्या, गुंडाळीचा तुकडा धरला, डोळ्यांजवळ आणला.

"हा दोरा खायचा असतो?"

आत्याने तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते चांगलं होतं: आमच्या घराण्यात अशीच करतात, जुनी पद्धत. असं उत्तर तिने दिलं असतं तर मोठी माणसंही फसली असती. पण तिने खारूताईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बाबा छताकडे बघत होते, तिथे काही नव्हतं.

खारूताईने मैत्रिणीकडे पाहिलं. हो म्हटलं की झालं. मैत्रीण दोरासुद्धा खाईल. आपण सांगितलंय म्हणून खाईल, कुरकुर न करता चावून चावून खाईल.

"नको खाऊस," खारूताई म्हणाली. "गुंडाळी उघडू नये म्हणून बाबांनी शिवलीय. आम्हाला सुशी येत नाही. मी खोटं बोलले होते."

"दर रविवारी करता ना?"

"नाही."

"कधी कधी?"

"या आठवड्यात रोज केली. त्याआधी कधीच नाही. मला पान प्लास्टिकचं आहे हे माहीत नव्हतं, आणि मला लाज वाटली."

मैत्रिणीने काड्या खाली ठेवल्या. तिने खुर्ची मागे सारली, आपली पिशवी घेतली आणि ती दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. "मला घरी जायचंय," ती म्हणाली. आवाज रागाचा होता.

आत्याने तिच्या आईला फोन केला. ती बाजारात होती. यायला वेळ लागणार होता. आता दोन मुली दोन कोपऱ्यांत, एक पिशवी मांडीवर घेऊन, एक टेबलाच्या पायाकडे बघत.

बाबांना रडवेल्या मुलींशी काय बोलावं ते कधीच कळलेलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती, काम. त्यांनी टेबल पुसलं, चटई पसरली, नवा कागद ठेवला आणि भात पसरायला घेतला. एक कोपरा, दुसरा कोपरा, कड. मैत्रीण भिंतीकडे बघत होती. हळूहळू ती भिंत आणि टेबल यांच्या मधे बघू लागली.

गुंडाळी उघडली. बाबांनी भात पुन्हा भांड्यात टाकला, दुसरा कागद घेतला. कोपरे, कडा. गुंडाळी उघडली. तिसरा कागद.

मैत्रिणीने ओठ घट्ट मिटून ठेवले होते. पण चुकीची गोष्ट डोळ्यांदेखत होत असताना गप्प बसणं तिला कधी जमलंय? तिने ओठ आणखी मिटले, पाय हलवले, आणि शेवटी तिच्याने राहवेना.

"काका, तुम्ही समास का सोडत नाही?"

बाबांचा हात थांबला. "काय?"

"समास. वहीत कड सोडतो तशी. आम्ही कडेपर्यंत लिहिलं तर बाई पान फाडायला लावतात."

"कड सोडली की कागद उचलतो, बाळ," बाबा समजुतीने म्हणाले. "खळ नेहमी कडेपर्यंत..."

"पण हे पुस्तक आहे का?"

आत्या खोकली. तो खोकला नव्हता.

"कागद कागदाला चिकटत नाहीये," मैत्रीण स्टुलावरून उठून म्हणाली. "भात मधे येतोय. दार लावताना फटीत बोट असलं तर दार लागेल का? कागदाला कागद मिळाला तर तो चिकटेल. कोरा कागद तुम्ही कुठे ठेवलाच नाहीये."

बाबांनी चटईकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर कडा भरल्या होत्या. त्यांनी एक बोट ओलं केलं आणि पलीकडच्या कडेचा भात हळूहळू मागे सारला. बोटभर रुंदीची काळी पट्टी उघडी पडली. ती पट्टी पाहून त्यांना अंगावरचा कपडा सरकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी ती दोनदा झाकायला हात नेला आणि दोनदा मागे घेतला. मग त्यांनी गुंडाळलं, दाबलं आणि चटई उघडली.

गुंडाळी पडून राहिली. सगळ्यांनी वाट पाहिली. ती तशीच पडून राहिली.

"चिकटली," बाबा म्हणाले. त्यांनी ती उचलली, हलवली, उभी धरली. "दोऱ्याशिवाय!"

"मिरव आता गावभर," आत्या म्हणाली. "आणि गुरू कोण म्हणून विचारलं तर नाव सांग."

मैत्रीण टेबलाशी आली होती. आपण रागावलोय हे तिच्या लक्षात होतं, म्हणून तिने पिशवी खांद्यावरच ठेवली. "मला एक करू द्या," ती म्हणाली, बाबांना, खारूताईला नाही. पण चटई वळायला चार हात लागतात हे तिला लगेच कळलं. बाबांचे हात भाताने माखलेले, आत्या पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"तू धर," ती शेवटी म्हणाली, कुणाकडेही न बघता.

खारूताईने धरलं.

"घट्ट."

"धरलंय घट्ट."

"खोटं नको बोलूस, सैल आहे."

खारूताईने आणखी घट्ट धरलं. अंड्याची पट्टी जरा तिरकी गेली, एक टोक जाड झालं, एक बारीक. बाबांना ते सरळ करायची फार इच्छा झाली होती. आत्याने त्यांच्या पायावर पाय ठेवला. सुरी ओली करून आत्याने तुकडे पाडले. मैत्रिणीने पिशवी खाली ठेवली, कारण पिशवी खांद्यावर ठेवून खाता येत नाही. तिने एक खाल्ला, मग दुसरा. खारूताईने विचारावं की न विचारावं करत विचारलं, "बरी आहे?"

"भात दुकानातल्यापेक्षा चांगला आहे," मैत्रीण म्हणाली. "आकार वाईट आहे. तुझा मला अजून राग आहे."

"हो," खारूताई म्हणाली.

मग दोघींनी गाजराची केली. त्यानंतर काकडी आणि अंडं एकत्र घालून एक केली, ती फार लठ्ठ झाली. तिला आत्याने "ही माझी" म्हणून आपल्या बशीत घेतलं. शिवलेल्या गुंडाळ्यांचे टाके बाबांनी स्वतः उसवले, मान खाली घालून.

मैत्रिणीची आई पिशव्या घेऊन वर आली तेव्हा तिला दारातून टेबलावर भात, काळ्या कागदाचे तुकडे आणि कोपरापर्यंत चिकट झालेल्या दोन मुली दिसल्या. फोनवर तिला लेक घरी यायचं म्हणतेय एवढंच कळलं होतं, त्यामुळे ती जरा गोंधळली.

"काय गं, झाली का मग सुशी, नेहमीसारखी?" तिने विचारलं.

आत्याचा वारा घालणारा पुठ्ठा थांबला. मैत्रीण काही झालं तरी खोटं बोलणार नव्हती, आणि आता खरं बोलली तर ते आईलाही कळणार होतं, आणि आईला कळलं की ते मोठ्या माणसांचं होतं, मग ते मुलींच्या हातात राहत नाही.

"नेहमीची नाहीये," मैत्रीण म्हणाली. "हे लोक याच आठवड्यात शिकलेत."

"याच आठवड्यात? पण तू तर म्हणाली होतीस..."

"काकू, मी खोटं बोलले होते," खारूताई म्हणाली.

"ते आमचं बोलून झालंय," मैत्रिणीने तिला तोडलं. "आई, तू त्यात पडू नकोस. हात धुऊन ये, तुला एक करून दाखवते. नीट बघ हं, कड सोडायची असते."

तिची आई आत्याकडे पाहू लागली. आत्याने खांदे उडवले आणि मोरीकडे बोट दाखवलं. आईने पिशव्या खाली ठेवल्या, घड्याळ काढलं आणि निमूटपणे हात धुवायला गेली.

खाऊन, आवरून, खाली जाईपर्यंत संध्याकाळ झाली. आई पुढे गेली. मैत्रीण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

"उद्या खिडकीकडे मी बसणार," ती म्हणाली. खिडकीकडची जागा खारूताईची होती, आणि तिथून मैदान दिसायचं.

"बस," खारूताई लगेच म्हणाली.

"परवापण."

"परवापण बस."

"मला राग आहे तोवर मीच बसणार."

खारूताईने जरा विचार केला. "आणि राग किती दिवस राहील?"

मैत्रिणीनेही विचार केला, अगदी खरा, भुवया आवळून. खोटं सांगून कुणाला खूश करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आत्ता थोडा कमी झालाय," ती म्हणाली. "पण खिडकीची जागा चांगली आहे. त्यामुळे नक्की सांगता येत नाही."